दाराबाहेरून

मी सिनेमे बघत नाही. मी ते ऐकतो,
बाल्कनीच्या दाराला पाठ लावून,
हातात विझवलेली बॅटरी.
एकवीस वर्षांत एवढंच कळलंय:
रडणं दाराबाहेर येत नाही.
हाणामारी येते, पण ती स्पीकरची.
हसू तेवढं माणसांचं येतं,
फळीतून थेट मणक्यात.

पहिला भाग लागला होता तेव्हा
अशोक चौकातल्या मागावरच्या पोरांनी
दुसरी पाळी बुडवून बाल्कनी भरली होती,
आणि गाजुलांचा नरसप्पा
हसता हसता खुर्चीसकट मोडला होता.
त्या खुर्चीला अजून दोरी आहे.

आता दुसरा भाग.
जाहिरातीतले तीन विनोद पोरांना पाढ्यासारखे पाठ.
मी गावभर सांगत सुटलो, जणू मीच काढलाय:
शुक्रवारी या, पोट धरून जाल.
घरीही म्हटलं.
राजव्वा दिवसाला हजार विड्या वळते.
"मजुरी बुडेल," म्हणाली,
"हसू नाही आलं तर भरून देणार का?"

शुक्रवार, बारा वाजता, चव्वेचाळीस डिग्री.
डांबर चप्पल सोडत नव्हतं.
हाऊसफुल्लची पाटी चार वर्षांनी काढली,
तर मागे पालीची अंडी.

दिवे गेले. मी पाठ लावली.
पहिला विनोद जाहिरातीतला. हसले.
दुसराही तिथलाच. हसले,
पण वाक्य संपायच्या आत,
पाहुणा दारात दिसताच "या, बसा" म्हणावं तसे.
मग पंखे ऐकू येऊ लागले.
बाल्कनीत चौदा पंखे आहेत
आणि त्यातला एक कुरकुरतो,
हे मला त्या दुपारी कळलं.

मध्यंतरात कुणी माझ्याकडे पाहिना.
तेराव्याच्या पंगतीला बसल्यासारखे
गप्प सामोसे खात होते.
कँटीनचा इरण्णा म्हणाला, "गाणी बरी हायत की."
नरसप्पा तेवढा जवळ आला,
दोरी पक्की आहे ना, विचारून गेला.

त्यानंतर मी स्टुलावर बसलो, दारापासून लांब.
तरी आलं. एकच. बाईचं.
उजव्या अंगाने, वरच्या रांगेतून.
नको तिथं, बेताल.
आत बहुतेक कुणीतरी मेलं होतं, सनई चालू होती.
पुन्हा आलं. पुन्हा.
ते हसू मी ओळखत होतो.
अक्षता पडताना माझी टोपी ओघळली
तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडून आलं होतं.

माझ्यासाठी हसतेय बिचारी, वाटलं,
आणि घशाशी काहीतरी आलं.
सामोसा नसावा.

रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही.
सूप मांडीवर घेऊन ती
दिवसाच्या राहिलेल्या विड्या वळायला बसली.
विचारलं, एवढं काय आवडलं गं?
मान वर न करता म्हणाली,
"आवडायचं काय त्यात?
एकशे वीस रुपये दिलेत. वसूल करत होते."

पान कातरता कातरता थांबली.
"अन् तो तुमचा खुर्चीवाला.
माझ्या पुढंच होता. डोळा लागला त्याचा,
अन् दोरी हळूहळू, हळूहळू...
अय्यो, तरी तो..."
पुढचं तिला सांगता येईना.
सूप हलायला लागलं. तंबाखू सांडली.

उद्या चार खेळ आहेत.
नवी दोरी घ्यावी की नको,
ठरत नाही.