चौऱ्याहत्तर

वडिलांचं माप हरणाच्या शिंगाच्या टोकाचं.
आतून कोरलेलं, अंगठ्याएवढं,
कडेवर दातांची खूण:
दोन्ही हात गुंतले की ते ओठांत धरायचे.

काळी दारू बैलाच्या शिंगात
(आमच्या घरात दुसरी दारू कधी आलीच नाही).
शिंगातून मापात, मापातून नळीत.
थेट नळीत कधीच नाही.
तळाशी एखादी ठिणगी जागी असली
तर भडका मापाएवढाच उडावा, शिंगाएवढा नको.
एवढं एकच त्यांनी ओरडून शिकवलं,
बाकी सगळं गप्प राहून.

कोय माझा धाकटा भाऊ,
क्लिंच नदीकाठच्या गिरणीत काट्यावर बसतो.
म्हणतो, व्हेडा, मापात पाप.
बुशेलसुद्धा एके काळी टोपलीच होती,
आता मक्याचे छप्पन्न पौंड म्हणजे बुशेल,
टोपली कुणी बघत नाही.

वडील गेले त्या मार्चमध्ये
रायफल खुंटीवरून आम्ही दोघांनी उतरवली.
शंभर यार्डांवर, बीचच्या झाडाला
कागदाची थाळी ठोकली.
पाच गोळ्या मारल्या मी,
पाची एकमेकींना चिकटून,
आणि पाची चार बोटं खाली.

कोयनं गाडीतून काटा आणला,
औषधवाल्याच्या लिलावात घेतलेला, काचेच्या पेटीतला.
मी माप भरलं, कडेवरून बोट फिरवलं:
सत्तर ग्रेन.
पुन्हा भरलं: सत्तर, वर एखादा दाणा.
ग्रेन म्हणजे दाणाच तर,
कुणाच्या तरी शेतातल्या जवाचा.
कोय जरा खट्टू झाला.
पाप सापडलं नाही.

मग त्यानं खिडकीपाशी नेऊन मागची माशी पाहिली.
खाचेत कानशीच्या रेघा,
लोखंड अजून उघडं, पांढरं.
खाच खोल केली की नळी झुकते, गोळी खाली लागते.
म्हणजे त्यांच्या गोळ्या वर जात होत्या.
त्याच रायफलीच्या, त्याच मापानं.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
कुंपणापलीकडून हॉयट स्टॅलार्ड आला होता,
तंबाखू गालात फिरवत म्हणाला,
त्याचे हात आठवतात ना तुम्हाला?

आठवत होते.
शेवटची तीन वर्षं चमचा बशीवर वाजायचा,
शर्टाची गुंडी आई लावायची,
आणि ते म्हणायचे, थंडी आहे.
जूनमध्येही.

मी माप पुन्हा हातात घेतलं.
या वेळी भरताना हात हलवला,
आधी थोडा, मग ते हलायचे तसा.
दारू खाली बसत गेली,
रिकाम्या जागा मिटत गेल्या,
कडेपाशी पुन्हा जागा झाली, पुन्हा भरली.
काट्यावर ठेवलं.
चौऱ्याहत्तर.

तीन वर्षं त्यांचा आजार
चार-चार ग्रेननी नळीत उतरत होता,
आणि ते कानस घेऊन
लोखंडाची समजूत घालत होते.
आम्हाला वाटलं, म्हातारपणी नजर गेली.

कोय आता घरून निघताना
काचेच्या नळ्यांत चौऱ्याहत्तर-चौऱ्याहत्तर तोलून आणतो,
बूच लावून, एका रांगेत.
त्याच्या गोळ्या मधोमध लागतात.
बरोबर आहे त्याचं.
त्यानं नवी माशी मागवायचीही तयारी केली होती,
मी नको म्हटलं.

मी माप भरते.
मग नखानं त्याला टिचक्या मारते,
किती ते मोजत नाही.
कधी बहात्तर होत असतील, कधी पंच्याहत्तर.
थाळीवर माझी भोकं जरा पसरलेली असतात.

गेल्या शनिवारी टिचकी मारायची विसरले.
धूर विरला, सडक्या अंड्याचा वास राहिला.
कोयनं दुर्बिणीतून पाहिलं
आणि म्हणाला, खाली गेली.
किती, मी विचारलं.
तो म्हणाला, तुझा हात स्थिर आहे एवढी.