बारदान

निंभोऱ्याच्या फाट्यावर नेहेत्यांचा वजनकाटा.
आधी रिकामा ट्रक चढतो, मग भरलेला.
मधली वजाबाकी, तेवढी केळी.

काम एवढंच होतं:
रोजचा भाव फोनवर दिसावा.
कौस्तुभ पुण्याहून म्हणाला, मोठं फ्रेमवर्क घे,
फॉर्म, तारखा, लॉगिन, सगळं त्यातच असतं,
उद्या कुणी काही मागितलं
की फक्त कपाट उघडायचं.
मी मोजलं. एकही भाव न लिहिता
रिकामं पान साडेचारशे केबी.

पत्र्याची शेड, चव्वेचाळीस अंश,
नेटची एकच दांडी, तीही खांबाला टेकलेली.
वसंतकाकांच्या फोनवर पांढरा पडदा
आणि गोल फिरणारं चक्र.
त्यांनी फोन उलटा करून पाहिला,
पारड्याखाली कुणी खडा चिकटवलाय का बघतात तसा.
"बारदानच भलतं जड आहे, पोरी.
माल कुठी?"

मग हलकं घेतलं. बारा केबी.
बोट उचलायच्या आत भाव समोर.
त्या रात्री मी कौस्तुभला
नुसता एक आकडा पाठवला.

आषाढात म्हणाले, मजुरांची हजेरी जोड.
मग पावत्या. मग गाडीवार हिशेब.
मग लॉगिन, कारण रावेरच्या कुणीतरी
गंमत म्हणून भाव शून्य केला होता.
मी हातानेच लिहीत गेले,
तारखेचं कॅलेंडर तर पहाटे तीनपर्यंत,
जे त्या कपाटात
घडी घालून ठेवलेलं होतं.
आता माझी हलकी फाइल कुणाला उलगडत नाही.
सोमवारी मलाही नाही.

काट्यावर बसून विचारलं,
काका, छोटा हत्ती की दहाचाकी,
तुम्ही कसं ठरवता?
"माल पाहून. रस्ता पाहून.
दहाचाकी बागेत घातली की आधी पाट फुटतो."
पावतीबुकात कार्बन सरकवला, थोडं थांबले.
"पण चुकतंच. दिल्लीले कितीदा
अर्धी रिकामी पाठवली मी."

दोन्ही फोल्डर आहेत अजून लॅपटॉपवर.
एकाचं नाव नवीन, दुसऱ्याचं नवीन-२.

रात्री शेवटची गाडी चढली.
काटा थरथरला, स्थिर व्हायला वेळ घेऊ लागला.
हरियाणाचा ड्रायव्हर खाली न उतरताच
फोनवर भाव उघडत होता,
आणि मी अंधारात उभी राहून
मनातल्या मनात मोजत होते,
एक,
दीड,