पासिंग

धुळ्याच्या आरटीओत सकाळी दहालाच डांबर मऊ.
रांगेत ट्रॅक्टर, दोन काळीपिवळ्या, एक शाळेची बस,
आणि माझी ही लांब ढांगांची,
पंधरा वर्षांची.
कंपनीने हिला कधीच वाऱ्यावर सोडलं,
मी सोडायचं विसरलो.

शकूर पिंजारी काल रात्रीपर्यंत ब्रेक आवळत होता.
"आजून कितलं पयाडशी हिले, भाऊ?" म्हणाला,
आणि पुढचा बल्ब स्वतःच बदलला,
पैसे न सांगता.

मूळचं किती उरलंय, विचारू नका.
क्लचप्लेटा दुसऱ्याच गाडीच्या,
शॉकअप इंदूरच्या भंगारातला,
मागची बुश कुठेच मिळेना तेव्हा
सोनगीरच्या तांबटाने हंडा बाजूला ठेवून
पितळ घासून दिलं.
"बसलं तर बसलं," म्हणाला.
नऊ वर्षं बसलंय.

स्पितीला एकदाच गेलो.
तिथे लो-व्होल्टेजच्या पंपासारखी
घुरघुरत चढली.
लोकांना तेवढंच सांगतो, फोटो आहे, बर्फ आहे.
पळासनेरच्या फीडरचं कोण विचारतं?
वादळ होऊन गेलेलं, रात्रीचे दोन,
खांद्यावर दोराचं वेटोळं, मागे जुगला पावरा बॅटरी धरून,
आणि काळी माती मडगार्डात अशी गच्च
की चाक फिरेना.
काठीने उकरायचं, शंभर पावलं जायचं,
पुन्हा उकरायचं.
पहाटे गावात उजेड आला
तेव्हा आम्ही दोघं हिला टेकून झोपलो होतो.
खांबावर चढल्याचं आठवतं,
उतरल्याचं नाही.

मीटर एकोणऐंशी हजारांवर थांबलं,
त्याला चार पावसाळे झाले.
त्यापुढचं सगळं फुकटात.

रत्नाला ही कधीच आवडली नाही. सीट उंच.
ओट्यावरून बसायची, ओट्यावरच उतरायची.
गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर
मी रस्ते वेगळे पाहायला लागलो.
कुठे चहा बरा मिळतो ते नाही,
कुठल्या फरशीचा कठडा तिच्या पायाला पुरेल, ते.
शिरपूर ते तोरणमाळ,
घाटातल्या वळणांसकट,
मला कठड्यांच्या उंच्या पाठ आहेत.
चोपड्याच्या वाटेवर एक आहे, अनेरच्या अलीकडे,
तिच्या मापाचा.
तिथे आम्ही कारण नसताना थांबतो.

नंबर आला.
इन्स्पेक्टर माझ्या पुतणीएवढी पोरगी.
चेसिसवर कागद धरला, पेन्सिल आडवी फिरवली.
रॉकेलने रात्री घासून ठेवलेले आकडे
एकेक करून कागदावर आले.
एवढं मात्र कोणी बदललेलं नव्हतं.
मग पुस्तक उघडलं.
"रंग लाल लिहिलाय, काका."
गाडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
शेहेचाळीस अंशांचे पंधरा मे महिने
टाकीवर बसलेले. विटेचा, मातीचा, कशाचाच न राहिलेला रंग.

मी काही बोललो नाही.
दोन बोल्ट काढले, सीट उचलली.
खाली, टाकीच्या शेपटाशी,
जिथे ऊन कधी पोचलंच नाही,
तिथे चार बोटांची पट्टी.
लाल.
शोरूममधून आणली त्या दिवशीसारखी,
मलाच ओळखू येईना अशी.

पोरीने बोटाने धूळ पुसली.
"बरंय," म्हणाली, आणि सही केली.

नरडाण्याला रत्नाचा फोन.
"झाली का पास?"
"पाच वर्षं."
ती थोडा वेळ गप्प.
"मग सीट तरी कमी करून घ्या."

सावळद्याच्या पुलावर थांबलो.
खाली तापी, पाणी कमी, वाळूत एक म्हैस.
कठड्याला मांडी लावून पाहिली.
नाही. हा उंच आहे.
इथे तिला जमणार नाही.