पहिल्यातून दुसऱ्यात

दसरा चौकात सिग्नल सुटतो
आणि गाडी मान टाकते,
अंधारात एक पायरी जास्त समजून
पाऊल टाकावं तशी.
मग मागून कुणी गुडघा मारल्यागत धक्का,
आणि दुसरा पडतो.
रिक्षावाला वाकून बघतो,
"ताई, शिकताय काय?"

चाळीसच्या वर काही नाही.
कागलच्या रस्त्याला तर झोपेत कूस बदलावी
तसे गिअर बदलते.
रोग आहे तो दहा ते पंधराचा,
जिथं तिला ठरवावं लागतं
थांबायचं की जायचं.

शेजारच्या सीटवर आबा.
चौतीस वर्षं उद्यमनगरातली कास्टिंगं लादून
पुण्याला नेली, गाडी रिकामी कधी आणली नाही.
आता काचबिंदूनं नजरेच्या दोन्ही कडा कुरतडल्यात,
समोरचं तेवढं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं.
लायसन देव्हाऱ्यात, टाकांच्या शेजारी.
दर सहा आठवड्यांनी डोळ्यांचं प्रेशर तपासायला
मी त्यांना घेऊन जातो
(हसायचं त्यांनी हसावं,
आमच्याकडं बायकाही जातोच म्हणतात)
आणि प्रत्येक धक्क्याला ते खिडकीला सांगतात,
"क्लच न्हाई ती कसली गाडी."

दस्तगीर शिकलगारनं बॉनेट उघडून
बराच वेळ नुसतं ऐकलं.
"ॲक्चुएटर दमलाय. क्लच बी अर्धा गेलाय.
अठ्ठावीस हजार धरून चला.
तोवर एक करा,
गिअर बदलायच्या टायमाला
ॲक्सिलरेटरवरचा पाय एवढा उचला."
अंगठा आणि बोटात सुपारीएवढी जागा.
"पण ती कधी बदलणार, हे कळायचं कसं?"
"त्येच तर," म्हणाला,
आणि हात पुसत राहिला, आधीच पुसलेले.

आबा पलीकडं टपरीवर चहाला.
दस्तगीरनं डावीकडचं मॅट झटकायला काढलं,
झटकलं नाही, उन्हाला धरलं.
टाचेच्या जागी खळगा,
चवड्याच्या जागी रबर झिजून
पलीकडचं आभाळ दिसत होतं.
"हितं कोण बसतंय?"

जिथं पेडल नाही, तिथं
कुणीतरी दोन वर्षं क्लच दाबत होतं.

परत निघालो.
नजर रस्त्यावर, कान खाली.
आबांचं कापशी पायताण करकरलं,
आणि मग धक्का.
पुन्हा करकर. धक्का.
इतके दिवस मी समजत होतो
धक्क्यानं पायताण वाजतं.
ते आधी वाजत होतं.
डोळ्यांना न दिसणारी गाडी
त्यांच्या तळव्याला अर्धा श्वास आधी कळत होती.

पुढच्या स्पीडब्रेकरनंतर
करकर झाली
आणि मी पाय उचलला, सुपारीएवढा.
दुसरा कधी पडला कळलंच नाही.
तिसराही तसाच.
राजारामपुरीच्या उतारापर्यंत आम्ही दोघं
एक गाडी चालवत होतो
आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं.
बहुतेक.

"बरी चाललीया की. काय केलं त्यानं?"
"ऑइल बदललं."
"किती घेतलं?"
"चारशे."
"लुटलं तुला."

शाहू नाका मागं टाकून हायवेला लागलो.
उजळाईवाडीचा फाटा अजून लांब,
उसाच्या ट्रॉल्या डाव्या अंगानं निवांत.
चौथा पडला. पाचवा पडला.
आबांनी डोळे मिटून घेतले,
उजवा हात मांडीवर, मूठ अर्धी वळलेली.
आणि पायताण पुन्हा एकदा वाजलं.

माझ्या गाडीला गिअर पाचच आहेत.

मी तरी पाय उचलला.