पाणी आलं का

घोडपदेवला आमच्या मजल्यावर पाणी येतं पहाटे सव्वापाचला
आणि सहाला जातं, न सांगता.
निळ्या पिंपात नळी सोडून मी जिन्याच्या पायरीवर बसते,
मोबाईल हातात.
या वेळी लिमामध्ये अजून कालची संध्याकाळ असते,
मारिसोल कामावरून घरी चाललेली.
थिम्फूत पेमा उठलेली असते, तोंडात ब्रश.
मॅड्सच्या गावी मध्यरात्र.

ग्रुपचं नाव तेच आहे अजून : टाकी नंबर दोन.
(एक नंबरची आम्ही चुकीच्या उतारावर बांधली होती.)

इरिंगाच्या पुढच्या एका गावात सात आठवडे
अकरा जणांनी विटा वाहिल्या.
तोवर मी पिशवीभर वाळूसुद्धा उचलली नव्हती.
परत आल्यावर हातांचे फोड दाखवत फिरले महिनाभर,
लॅबमध्ये, आत्याकडे, एका बारशालाही.
फोड गेले.
दाखवायला उरला हा ग्रुप.

सुरुवातीला दिवसाला चारशे मेसेज.
दर वर्षी भेटायचं, शपथेवर.
मग नुसते वाढदिवस. मग वाढदिवसाला केकचं चित्र.
मॅड्सला मुलगी झाल्याचं मला तिच्या पहिल्या दातावरून कळलं.
एडुआर्दो ग्रुप सोडून गेला
त्या राखाडी ओळीखाली कुणीच काही लिहिलं नाही.
मी लिहिलं. पुसलं.

आई म्हणते, साता समुद्रापलीकडच्यांशी कसलं गुलुगुलू,
परुळेकर काकूंचं पिंप वाहतंय, ते बंद कर आधी.
केलं बंद.

एका मंगळवारी नळाला धार करंगळीएवढी,
आणि पेमानं सहज विचारलं :
टाकीत पाणी असेल का अजून?
सहा जण काहीतरी टाइप करू लागले
आणि थांबले.
आमच्याकडे सूर्यास्ताचे दोनशे फोटो होते.
ज्यानं ओळंबा धरून आमची एकेक वीट पुन्हा लावली,
आम्ही झोपल्यावर, कंदिलाच्या उजेडात,
त्या गवंड्याचा नंबर
एकाकडेही नव्हता.

म्साफिरी त्याचं नाव. म्हणजे मुसाफिरच.
तो गाव सोडून कुठे गेला नाही कधी,
विमानांतून आलो ते आम्ही.
त्याच्याशी बोलताना माझेच शब्द मला परत मिळायचे :
चाय, चपाती, दुका म्हणजे दुकान,
हेसाबु म्हणजे हिशेब,
हबारी म्हणजे खबर.
ती घ्यायची राहिली, तीन वर्षं.

नंबर मिळायला नऊ दिवस लागले.
शाळेच्या बाईंकडून त्यांच्या भावाकडे,
भावाकडून सायकलच्या दुकानात.
त्याला ग्रुपात घेतलं तेव्हा सगळ्यांनी एकदम हात हलवले,
सहलीची बस सुटताना हलवतात तसे.
त्यानं दिवसभर काही लिहिलं नाही.

दुसऱ्या पहाटे उठले तर फोटो आलेला.
टाकी. एका अंगाला नवं सिमेंट, दीड हात.
खाली : गेल्या साली फुटली. जोडली.
आणि वेगळ्या ओळीत :
तुम्ही सगळे बरे?

काय लिहायचं ते सुचेना.
फोन पिंपाजवळ धरला नुसता.
रिकामं पिंप आधी ढोलासारखं वाजतं,
भरत जाईल तसा आवाज बारीक होतो, वर चढतो.
चाळीस सेकंद पाठवले.
त्यात मागून काकूंचा आवाजही गेला.

साडेआठला बसच्या रांगेत त्याचं उत्तर आलं.
ती बाई काय म्हणाली?
लिहिलं, विचारत होती,
पाणी आलं का.

नळ केव्हाच कोरडा झाला होता.
त्यानं लिहिलं :
सांग तिला, आलं.