अपूर्णविराम

ग्रिम्सबीत जानेवारीचा दिवस चारलाच मिटतो.
मॉरीन टास्करच्या मासे धुरवायच्या शेडमागे
उलट्या क्रेटवर मी, मांडीवर लॅपटॉप,
केसांत हॅडॉकचा धूर. आज पुन्हा न्हाणं आलं.

तिची तक्रार साधी:
कार्डांवर दुकानाचा वेबपत्ता छापला
आणि त्याच्या शेपटाला दोन ठिपके, मग आठ हजार ऐंशी.
"गिऱ्हाइकं म्हातारी आहेत गं,
ठिपके म्हणजे त्यांना माशीची घाण वाटते.
क्लीथॉर्प्सच्या एकीने तर तो फोन नंबर म्हणून फिरवला."

मला तो दिसतो दुःखातल्या विसर्गासारखा.
पण नाही, व्याकरणाच्या तासाला आठल्येबाई म्हणायच्या,
हा अपूर्णविराम.
म्हणजे थांबा, सांगायचं अजून राहिलंय.

काम तासाभराचं.
ऐंशी नंबरच्या दारात एक राखणदार बसवायचा,
येईल त्याला त्याने आत न्यायचं,
आत म्हणजे कुठे, ते न बोलता.
चालू केला तर रुसून बसला. ओळ सतरा.
एक अर्धविराम राहिला होता.
अपूर्णविराम घालवायला अर्धविराम द्यावा लागला,
हे मॉरीनला काय सांगणार?
एकटीच हसले.

मग पान उघडलं, 'किपर' वर टिचकी मारली,
आणि शेपूट हजर! आठ हजार ऐंशी.
आतला प्रोग्राम, घर बदललं तरी
जुनाच पत्ता सांगत सुटलेला.
त्याला ओळखते मी.
एकवीस वर्षं बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या दारात
मी आडनाव सांगते, थांबते,
मग एकेक अक्षर: डी, एच, ए...
ढ त्यांच्या जिभेवर ठरत नाही,
आणि ळ ला तर त्या गावात दारच नाही.
ठिपके मीच देते. कुणी विचारायच्या आधी.

आणखी दोन ओळी. पुन्हा चालू.
मॉरीनने खारट बोटाने पत्ता दाबला, नुसता.
उघडला.
"एवढंच?"
"एवढंच."
आत सगळं अजून आठ हजार ऐंशीवरच चालतं,
हे मी सांगितलं नाही.

निघताना तिने किपरची जोडी कागदात बांधली,
वर मार्करने माझं आडनाव लिहिलं,
स्पेलिंग न विचारता.
चुकलं होतं.
तसंच घरी आणलं.