पांढरी खिडकी

एंडेलने दुर्बीण दिली नाही.
आधी नुसत्या डोळ्यांनी सांग, म्हणाला.
सारेमा बेटाच्या पश्चिमेला, बोरूच्या आडोशाला
एका ओल्या फळीवर आम्ही दोघं,
माझ्या डाव्या बुटात पाणी शिरलेलं,
आणि समोर तेवीस बदकं,
सगळी चिखलाच्या रंगाची.

ऑगस्टात नरही माद्यांसारखेच दिसतात.
वसंतातला थाट झडून गेलेला,
उडायची पिसंसुद्धा गळून नुकती फुटलेली.
तोवर लव्हाळ्यात दडून राहायचं,
कुणाला तोंड दाखवायचं नाही.

"बुडी मारतं का?"
नाही. नुसतं पालथं होतं.
डोकं तळाशी, बूड आभाळाला,
दोन पिवळे पाय हवेतल्या हवेत वल्हवतात.
मग सरळ होतं, चोचीत हिरवी दोरी,
आणि चेहरा असा, की काही झालंच नाही.

"स्वतःचं स्वतः मिळवतं का?"
मी बघत राहिले.
शेजारी एक चांदवा बुड्या मारमारून
खालचं शेवाळ वर आणत होता,
आणि हे त्याच्या मागेमागे,
उधारी वसूल करायला आल्यासारखं.
चांदवा वर आला की अर्धा घास याचा.
"माझा मेहुणा," एंडेल म्हणाला,
आणि बराच वेळ आवाज न करता हसला.

चोच मधे काळपट, कडेला नारिंगी.
कपाळ जरा उभं. मान बारीक.
"पंख?"
मिटलेत.
"मग थांब."

थांबलो.
डास आले. थर्मास संपला.
उद्या वीस तारीख, उद्यापासून बंदुका.
बाविसाव्या वर्षी, तो म्हणाला,
मी आधी पाडलं आणि मग ओळखलं.
हातात घेऊन पंख उघडला, तेव्हा.
ऊब होती अजून.
पुढचं काही बोलला नाही,
थर्मासचं झाकण उलटं करून
शेवटचा थेंब गवतावर झटकला.

मग बोरूवरून एक भोवत्या घसरत आला.
पाणी फुटलं.
पाण्यावरून धावणं नाही, फडफडाट नाही,
उभ्या जागेवरून सरळ वर,
आणि प्रत्येक पंखाच्या मुळाशी
एक पांढरा चौकोन,
अंधाऱ्या घरात कुणी खिडकी उघडून
लगेच लावून घ्यावी तसा.

गडवाल! मी ओरडलेच.
"रॅक्सपार्ट," त्याने आपल्या भाषेत जागेवर ठेवलं.
घोगऱ्या गळ्याचं बदक.
आणि दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली,
आता बघायला काहीच उरलं नव्हतं तेव्हा.

वहीत मी लिहिलं: गडवाल, एकवीस.
त्याखाली: बदकं, दोन.
त्या दोघांचे पंख मला दिसले नव्हते.
एंडेलने वाचलं,
पेन्सिल माझ्याकडून घेतली,
आणि काहीही न खोडता
खिशात ठेवून दिली.